गोठ्याच्या व शेडच्या लाकडी कैच्या उभारताना घ्यावयाची काळजी

(शेतकऱ्यांसाठीच्या रेडिओ कार्यक्रमातील भाषण)



हळदीची काढणी, शिजवणी आणि वाळवणी आटोपली, की आपल्या हिंगोली जिल्ह्यात बांधकामाचे दिवस सुरू होतात. मृग लागण्याआधी गोठ्यावर पत्रे पडले पाहिजेत, कडब्याला आडोसा झाला पाहिजे, सोयाबीनचे बियाणे आणि राहिलेली हळद कोरडी राहिली पाहिजे, अशी प्रत्येकाची घाई असते. आता बरेच जण लोखंडी अँगलच्या कैच्या बसवतात. तरीही बांधावरचा साग, बाभूळ किंवा कडूलिंब घरात पडून असेल आणि गावात जाणता सुतार असेल, तर लाकडी कैचीचे शेड आजही उभे राहते. त्यात गैर काही नाही. चांगल्या लाकडाची, नीट सांधलेली कैची पिढीभर टिकते.

पण हे काम करताना माणूस वरून पडतो, किंवा कैचीच माणसावर पडते. वर चढणारे असतात कोण? सुतार, त्याचा हाताखालचा पोरगा, घरचा धनी, आणि शेजारधर्म म्हणून सावडीने मदतीला आलेली चार माणसे. यांच्यापैकी एकाची कंबर मोडली तर एका घराचे चूलपाणी थांबते. म्हणून आज कैची कशी बनवावी हे न सांगता, ती उभी करताना आणि बांधताना जीव कसा सांभाळावा, एवढेच सांगणार आहे.

सगळ्या भाषणाचे सार एका वाक्यात सांगतो. उभी राहिलेली कैची आणि बांधलेली कैची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कैची बांधली जाईपर्यंत तिच्यावर चढू नये आणि तिच्या खाली थांबू नये.

कैची कुठे बळकट, कुठे दुबळी

कैचीत काय असते ते आधी पाहू. खाली एक आडवे लाकूड, त्यावर दोन पाखांचे दोन वासे, मध्ये उभा दांडा आणि दोन तिरपे टेकू. सगळे मिळून त्रिकोण होतात. वरून पत्र्याचे वजन आले, की हे त्रिकोण ते वजन दोन्ही टोकांच्या खांबांवर पोचवतात. वरून दाबून कैची सहसा मोडत नाही.

आता तीच कैची बाजूने ढकलून पाहा. तिची जाडी किती? लाकडाची जाडी तीच तिची जाडी, म्हणजे ३ इंच. लांबी २० फूट, उंची ५ फूट आणि जाडी ३ इंच. पाटीवरची पाटी काठावर उभी करावी, तशी ती दोन खांबांवर उभी असते. वाऱ्याची झुळूक, दोराला बसलेला हिसका किंवा वर चढणाऱ्या माणसाचा झोक, एवढेही तिला आडवे करायला पुरे होते.

वजनाचाही अंदाज असावा. २० फूट लांबीच्या, मध्ये ५ फूट उंचीच्या कैचीला ४ बाय ३ इंची लाकूड सुमारे ५८ फूट लागते. सागाची असेल तर ती साधारण ९० किलो भरते, बाभळीची असेल तर ११० किलोच्या घरात जाते. ओले लाकूड याहून जड असते. म्हणजे क्विंटलभराचे पोते १० फूट उंचीवर दोन टोकांवर तोलून ठेवले आहे असे समजा. अशा पोत्याखाली आपण जेवायला बसू का? कैचीखाली मात्र सर्रास बसतो.

एक प्रयोग घरी करून पाहा

तुरीच्या चार तुराट्या घ्या. चारी कोपरे सुतळीने बांधून चौकोन करा. आता एका बाजूने बोटाने ढकला. चौकोन लगेच कलतो आणि चपटा होतो. मग एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत पाचवी तुराटी तिरपी बांधा आणि पुन्हा ढकला. आता चौकोन हलत नाही.

आपल्या शेडचे नेमके हेच आहे. दोन कैच्यांमध्ये नुसत्या आडव्या पट्ट्या ठोकल्या, तर कैच्यांचे अंतर कायम राहते, पण सगळ्या कैच्या मिळून एका दिशेला कलू शकतात. एक कलली की तिच्यामागे दुसरी आणि दुसरीमागे तिसरी जाते. पत्त्यांचा बंगला पडावा तशी सगळी रांग खाली येते. आडव्या पट्टीबरोबर तिरपी पट्टी असेल तरच कलणे थांबते. बरेच मिस्त्री म्हणतात, "साहेब, पर्लिन टाकल्या की सगळं घट्ट होतं." पर्लिन म्हणजे कैच्यांवरून आडव्या जाणाऱ्या, पत्र्याला आधार देणाऱ्या लाकडी पट्ट्या. त्या आडव्याच असतात. त्यांनी तिरप्या पट्टीचे काम होत नाही.

लोखंडी कैच्यांनाही हाच नियम लागू आहे, हे ध्यानात असू द्यावे.

काम सुरू करण्याआधी

पहिली गोष्ट, ज्यावर कैची बसणार ते खांब आणि भिंती तयार आहेत का ते पाहावे. सिमेंटचे खांब ओतल्यावर निदान दोन आठवडे पाणी मारून मगच त्यांच्यावर कैची चढवावी. खांबाच्या डोक्यात बोल्ट किंवा लोखंडी पट्ट्या ओततानाच बसवून घ्याव्यात. मागाहून छिन्नीने खोदून बसवलेला बोल्ट हलका झटका बसला तरी निघतो. दगडमातीच्या भिंतीवर कैची बसवायची असेल तर भिंतीच्या माथ्यावर सलग लाकडी पट्टी किंवा सिमेंटचा पट्टा हवा. मोकळ्या दगडावर कैचीचे टोक कधीही टेकवू नये.

दुसरी गोष्ट लाकडाची. गाठी असलेले, चिरलेले, वाळवी लागलेले लाकूड कैचीत घालू नये. सांधे जमिनीवरच पुरे करावेत. "चार खिळे आता मारू, बाकीचे वर गेल्यावर मारू" हा हिशेब घातक आहे. कैची उचलताना सांध्यांवर जो ताण येतो, तो पत्रे बसल्यावरच्या ताणापेक्षा वेगळ्या दिशेने येतो. अर्धवट सांधा त्याच वेळी उघडतो.

तिसरी गोष्ट विजेच्या तारेची. गोठ्याशेजारून किंवा वरून तार गेलेली असेल तर कैची, बल्ली किंवा पत्रा उचलताना तो तारेपर्यंत पोचू शकतो का ते आधी पाहावे. २० फुटांची कैची कलली तर २० फूट लांबपर्यंत जाते. एवढे अंतर मोकळे नसेल तर महावितरणच्या माणसाकडून लाइन बंद करून घ्यावी आणि मगच काम करावे. पत्रा लोखंडाचा असतो आणि ओले लाकूडही वीज वाहून नेते.

चौथी गोष्ट, बांधण्याचे सामान आधी जागेवर असावे. २० बाय ४० फुटांच्या शेडला ८ फुटांवर एक अशा ६ कैच्या लागतात. त्यांच्यामधल्या ५ गाळ्यांसाठी आडव्या पट्ट्या साधारण सव्वादोनशे फूट लागतील. पाखावरच्या तिरप्या पट्ट्या प्रत्येकी १४ फुटांच्या लागतील. त्याशिवाय चार-सहा बल्ल्या, जाड दोर, मेखा आणि ४ इंची खिळे हवेत. हे लाकूड वाया जात नाही. यातल्या बऱ्याच पट्ट्या छपरात कायमच्या राहतात, उरलेल्या पुढच्या कामाला येतात. सामान नाही म्हणून कैची नुसती उभी करून ठेवली, असे होऊ नये.

पहिली कैची सर्वांत धोक्याची

दुसऱ्या कैचीला पहिलीचा आधार असतो, तिसरीला दोघींचा. पहिलीला मात्र कोणाचाच आधार नसतो. म्हणून सर्वांत जास्त वेळ पहिल्या कैचीला द्यावा.

कैची नेताना आडवी झोपवून नेऊ नये. ती मधोमध वाकते आणि सांधे सैल होतात. उभी धरून, शेंडा वर ठेवून न्यावी. वर चढवताना दोन्ही टोकांना एकेक लांब दोर बांधावा आणि तो दोर खाली बाजूला उभ्या असलेल्या माणसाच्या हाती द्यावा. कैची फिरू लागली तर त्या दोराने तिला आवरता येते. कप्पी वापरत असाल तर ती तिच्यासाठी रोवलेल्या खांबाला किंवा तिकाटण्याला बांधावी, आधी बसवलेल्या कैचीला बांधू नये.

कैची जागेवर बसताच दोन्ही टोके बोल्टने किंवा लोखंडी पट्टीने खांबाला पक्की करावीत. नुसता खिळा पुरत नाही. ओळंबा लावून ती सरळ उभी असल्याची खात्री करावी. मग तिला जमिनीपर्यंत आधार द्यावा. बाहेरच्या बाजूने निदान दोन बल्ल्या, दोन्ही पाखांना एकेक, तिरप्या लावाव्यात. शेंडा जमिनीपासून १५ फूट असेल तर बल्लीचा पाय १० फूट दूर असावा. बल्लीचे वरचे टोक कैचीला आणि खालचे टोक मेखेला पक्के बांधावे. नुसती टेकवलेली बल्ली कैचीला ढकलापासून वाचवते, ओढीपासून वाचवत नाही. दोराचे उलट असते. दोर ओढ सोसतो, ढकल सोसत नाही. म्हणून दोर वापरायचे तर दोन्ही बाजूंनी ओढून बांधावेत.

इथे आपल्या भागातली एक खास अडचण सांगतो. आपली बहुतेक जमीन काळी, भारी. चैत्र-वैशाखात तिला भेगा पडतात. भेगेजवळ ठोकलेली मेख हाताने हलवली तरी निघते. वळवाचा एक पाऊस पडला की तीच माती लोण्यासारखी मऊ होते. त्यामुळे काळ्या जमिनीत हातभर मेख ठोकून भागत नाही. मेख निदान ३ फूट खोल जावी, ती कैचीच्या उलट दिशेला कललेली असावी, आणि रोज सकाळी कामाला लागण्याआधी प्रत्येक मेख हलवून पाहावी. जवळ पक्का रोवलेला खांब असेल तर बल्लीचा पाय त्याच्या बुडाशी बांधणे अधिक चांगले. झाडाला, बैलगाडीला किंवा ट्रॅक्टरला दोर बांधू नये. कोणीतरी ट्रॅक्टर हलवतो आणि घात होतो.

दुसरी कैची आणि पहिली जोडी

दुसरी कैची चढली, की तिची टोके पक्की करून लगेच तिला पहिलीशी जोडावे. पट्ट्या पाच जागी माराव्यात. एक शेंड्याजवळ, दोन्ही पाखांच्या मध्यावर एकेक, आणि खालच्या आडव्या लाकडावर दोन. प्रत्येक जागी निदान दोन खिळे असावेत. एका खिळ्यावर पट्टी फिरते. पट्ट्या आधीच एका मापाने कापून खुणा करून ठेवल्या तर वर बसून टेपने मोजत बसावे लागत नाही. वर जितका वेळ कमी, तितका धोका कमी.

आता तिरप्या पट्ट्या. त्या तीन ठिकाणी हव्यात. पहिली जागा दोन्ही पाखांवर, एका कैचीच्या बुडापासून दुसरीच्या शेंड्यापर्यंत. दुसरी जागा मधल्या उभ्या दांड्यांमध्ये, फुलीच्या आकारात. तिसरी जागा खालच्या आडव्या लाकडांवर. हे झाले की दोन कैच्या मिळून एक पेटी तयार होते. मिस्त्रींनी या जोडीला शेडचा जोता समजावे. पुढच्या सगळ्या कैच्या हिच्या भरवशावर उभ्या राहणार आहेत.

तिसरी, चौथी, पाचवी अशी एकेक कैची चढवावी आणि प्रत्येक वेळी आडव्या पट्ट्यांनी मागच्या कैचीला बांधून मगच पुढची उचलावी. शेवटच्या गाळ्यात पुन्हा तिरप्या पट्ट्या माराव्यात. शेड ४० फुटांपेक्षा लांब असेल तर मधल्या एखाद्या गाळ्यातही माराव्यात. "आधी सगळ्या उभ्या करू आणि मग एकदम बांधू" असे कोणी म्हणाले तर त्याला हात जोडून नाही म्हणावे. सहा कैच्यांची सगळी रांग कोसळते ती याच पद्धतीत.

जमिनीपर्यंतच्या बल्ल्या कधी काढायच्या? सर्व गाळ्यांतल्या तिरप्या पट्ट्या, पर्लिन आणि निम्मे पत्रे बसल्यानंतर. दुसऱ्या कामाला बल्ली हवी म्हणून मध्येच काढून नेऊ नये.

वारा आणि वेळ

एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे दुपारनंतर वावटळ आणि वळवाचा वारा उठतो. वारा नुसता पत्रा उडवत नाही, पत्रा धरणाऱ्या माणसालाही उडवतो. १० फूट लांब, साडेतीन फूट रुंद पत्रा वाऱ्यासमोर आडवा धरला, तर ताशी ४० किलोमीटरच्या वाऱ्यात त्याच्यावर सुमारे २५ किलोचा जोर येतो. वारा ६० किलोमीटर झाला की तोच जोर ५५ किलो होतो. वाऱ्याचा वेग दीडपट झाला तर जोर सव्वादोन पट होतो. १० फूट उंचीवर, पायाखाली एक लाकूड असताना एवढा जोर कोण पेलणार?

म्हणून कैची उचलण्याचे आणि पत्रे चढवण्याचे काम सकाळी करावे. दुपारी जमिनीवर सांधे जोडण्याचे, पट्ट्या कापण्याचे काम ठेवावे. आभाळ भरून आले, धूळ उठू लागली की वर असलेल्यांनी पट्टी बांधून खाली यावे. दुपारच्या जेवणाआधी आणि संध्याकाळी घरी जाण्याआधी एकही कैची न बांधता सोडू नये. रात्री वारा सुटला तर सकाळी पाहायला कोणी जागा नसतो, आणि शेडाच्या सावलीला बांधलेली जनावरे तर तिथेच असतात.

वर चढणाऱ्यांसाठी

शिडी भक्कम असावी. ४ फूट उंचीला १ फूट या हिशेबाने तिचा पाय भिंतीपासून दूर असावा, वरचे टोक टेकण्याच्या जागेपेक्षा ३ फूट वर निघालेले असावे आणि ते दोराने बांधलेले असावे. शक्य तेथे शिडीऐवजी परांची बांधावी. दोन रुंद फळ्यांची परांची असली की दोन्ही हात कामाला मोकळे राहतात.

कैचीच्या खालच्या लाकडावरून चालत एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जाणे ही काही मर्दुमकी नाही. ते लाकूड ओढ सोसण्यासाठी असते, चालण्यासाठी नसते.

डोक्यावर हेल्मेट आणि कंबरेला सुरक्षा पट्टा असावा. अंगाला, खांद्याला आणि मांड्यांना बसणारा पूर्ण पट्टा मिळाला तर उत्तमच. पण पट्ट्याचा दोर कुठे बांधता याकडे लक्ष द्यावे. न बांधलेल्या कैचीला स्वतःला बांधून घेतले, तर कैची पडताना माणसाला घेऊनच पडेल. दोर बांधलेल्या जोडीला किंवा पक्क्या खांबाला बांधावा. पायात घसरणारी चप्पल नसावी. धोतराचा किंवा लुंगीचा सोगा खोचून घ्यावा. दारू घेतलेल्या माणसाला शिडीला हात लावू देऊ नये, मग तो कितीही जुना मिस्त्री असो.

कामावर आवाज एकाचाच असावा. "उचला", "सोडा" हे एकानेच म्हणायचे. पण "थांबा" म्हणायचा हक्क सर्वांना असावा. खाली सिमेंट कालवणाऱ्या बाईला एखादी मेख हलताना दिसली तर तिनेही निःसंकोच "थांबा" म्हणावे आणि वरच्यांनी थांबावे. कैची चढत असताना खालून पाटी घेऊन जाणे-येणे बंद ठेवावे. लेकराबाळांना आणि जनावरांना दूर ठेवावे.

पत्रे चढवताना

१० फुटांचा लोखंडी पत्रा साधारण १४ किलोचा असतो. असे दहा पत्रे एका जागी रचले तर १४० किलो भार एकाच कैचीवर, एकाच पाखावर येतो. म्हणून पत्रे दोन-तीन करून वर घ्यावेत आणि दोन्ही पाखांवर सारखे लावत जावे. एक पाखे पुरे करून मग दुसरे धरणे चुकीचे आहे.

सिमेंटचे पत्रे असतील तर आणखी जपावे. ते दिसतात भक्कम, पण पाय पडला की तडकन फुटतात आणि माणूस सरळ खाली येतो. जुन्या शेडवर गळती बंद करायला चढतानाही हेच होते. अशा पत्र्यावर थेट पाय न देता, दोन पर्लिनवर टेकेल अशी रुंद फळी आडवी टाकून तिच्यावरूनच जावे.

छपरावरचे दगड

आता शेवटची, पण आपल्या जिल्ह्याला अगदी जवळची गोष्ट. पत्रे उडू नयेत म्हणून त्यांच्यावर दगड ठेवण्याची आपल्याकडे सवय आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे लातूर जिल्ह्यातल्या किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा सुमारे आठ हजार माणसे गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीची जड छपरे झोपेतल्या माणसांवर आली. त्यानंतर मराठवाड्यात पुष्कळांनी मातीचे छप्पर सोडून हलका पत्रा घेतला. ते योग्यच झाले. पण हलक्या पत्र्यावर पुन्हा दगडांची रांग चढली, तर मिळवले काय?

२१ मार्च २०२४ रोजी सकाळी हिंगोली, नांदेड, परभणी या भागात भूकंपाचे दोन धक्के बसले. मोठा धक्का ४.५ रिश्टरचा होता. त्या वेळी, पत्र्यावर आधारासाठी ठेवलेले दगड काढून घ्यावेत, असे आवाहन नांदेडच्या जिल्हा प्रशासनाने लोकांना केले होते. पुढे १० जुलै २०२४ रोजी सकाळी पुन्हा ४.५ चा धक्का बसला आणि त्याचे केंद्र कळमनुरी तालुक्यात होते. आपल्या पायाखालची जमीन अधूनमधून हलते, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे.

वाऱ्याला आणि भूकंपाला, दोघांनाही उत्तर एकच आहे, ते म्हणजे बांधणे. पत्रा पर्लिनला जे हुकाने किंवा स्क्रूने वॉशरसह बांधावा. पर्लिन कैचीला खिळ्याबरोबर लोखंडी पट्टीने बांधावी. कैची खांबाला बोल्टने बांधावी. खांब पायात रोवलेला असावा. पत्र्यापासून पायापर्यंत ही साखळी कुठेही तुटू नये. मग दगडाची गरज राहत नाही. आणि ज्या तिरप्या पट्ट्या कैच्या उभारताना तुमच्या सुताराचा जीव वाचवतात, त्याच पुढे वादळात आणि भूकंपात छप्पर सरळ ठेवतात. म्हणून काम झाल्यावर त्या काढून टाकू नयेत.

अपघात झालाच तर

वरून पडलेल्या माणसाला हातपाय धरून उचलू नये, बसते करू नये, पाणी पाजू नये. कण्याला मार असेल तर अशा उचलण्याने कायमचे लुळेपण येऊ शकते. मान आणि पाठ सरळ ठेवून त्याला हलवू न देता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तिथे थांबणे धोक्याचे असेल किंवा हलवण्यावाचून गत्यंतर नसेल, तर दाराची फळी किंवा रुंद पाटी अंगाखाली सरकवून, चार-पाच जणांनी एकदम उचलून न्यावे. मोटारसायकलवर मधे बसवून तर कधीच नेऊ नये.

दोन योजनाही लक्षात ठेवाव्यात. शेतकरी किंवा त्याच्या कुटुंबातील एक सदस्य उंचावरून पडून दगावला, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून वारसांना २ लाख रुपये मिळतात. वयाची अट १० ते ७५ वर्षे आहे. अर्ज ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकारी कार्यालयात द्यावा लागतो. सुतार, गवंडी आणि बिगारी बांधवांनी महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी करून घ्यावी. वय १८ ते ६० असावे आणि मागील वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. तरीही एक सांगतो, दोन लाखांनी घरचा माणूस परत येत नाही. दोन खिळे आणि एक तिरपी पट्टी त्यापेक्षा फार स्वस्त आहे.

भिंतीवर चिकटवून ठेवण्यासाठी

१. सांधे जमिनीवर पुरे करा, मगच कैची उचला.
२. बल्ल्या, दोर, पट्ट्या, खिळे आधी जागेवर आणा.
३. पहिली कैची जमिनीपर्यंत बांधा. मेखा रोज सकाळी हलवून पाहा.
४. दुसरी कैची पाच आडव्या पट्ट्यांनी जोडा, मग तिरप्या पट्ट्या मारा.
५. मागची बांधल्याशिवाय पुढची उचलू नका.
६. न बांधलेल्या कैचीवर चढू नका, तिच्याखाली थांबू नका.
७. कैच्या आणि पत्रे सकाळी चढवा. वारा सुटला की खाली या.
८. पत्रे दोन्ही पाखांवर सारखे लावा. सिमेंटच्या पत्र्यावर फळीवरूनच चाला.
९. पत्र्यावर दगड ठेवू नका, पत्रा बांधा.

बंधू-भगिनींनो, बैलाला दावे लावल्याशिवाय आपण गोठ्याबाहेर पाऊल टाकत नाही. तीच सवय कैचीला लावा. यंदा ज्यांच्या घरी शेडचे काम निघणार आहे त्यांनी हे पत्रक आपल्या मिस्त्रीला वाचून दाखवावे, आणि काम सुरू होण्याच्या दिवशी सकाळी दहा मिनिटे सगळ्यांना गोळा करून कोणी काय करायचे ते ठरवावे. काही शंका असल्यास आपल्या पंचायत समितीतील कृषी विभागात जरूर भेटावे.